अक्षरांची खोटी वंशावळ

इंग्रजी स्पेलिंग एवढे बेशिस्त का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: उच्चार बदलत गेले, छापखान्याने लेखन मात्र गोठवून टाकले. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’पुरते ते खरे आहे, त्यातला के आणि जीएच एके काळी खरोखर उच्चारले जात. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधल्या बीला मात्र हे उत्तर लागू पडत नाही, कारण तो बी इंग्रजीत कधी कोणाच्या तोंडी नव्हताच. फ्रेंचमधून हा शब्द आला तो बीवाचून, आणि मध्ययुगीन इंग्रजीत तसाच लिहिला जाई. पुढे लॅटिन शिकलेल्यांना त्यामागे ‘डेबिटुम’ दिसला आणि त्यांनी बी आणून बसवला. ‘डाउट’मध्ये तसाच बी आला, ‘रिसीट’मध्ये पी, ‘इंडाइट’मध्ये सी. ‘रिसीट’च्याच कुळातले ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ मात्र पीविना राहिले. तेव्हा ही पडझड नव्हे, विद्वत्तेच्या हौसेपायी मुद्दाम केलेली दुरुस्ती आहे, आणि तीही अर्धवट.

या हौसेला आव्हान देणारा माणूस आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. जॉन हार्ट हा इंग्लंडच्या राजदरबारात ‘चेस्टर हेरल्ड’ होता. घराण्यांच्या वंशावळी आणि कुलचिन्हे सांभाळणे हे हेरल्डांचे काम. १५५१च्या हस्तलिखितात आणि पुढे १५६९मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने इंग्रजी लेखनाचे दोष एकेक करून मांडले. फाजील अक्षरे हा त्यातला एक दोष. ‘डाउट’मधला बी हे त्याचे उदाहरण. व्युत्पत्ती दाखवण्यासाठी लिहिलेले पण न बोललेले अक्षर त्याला मान्य नव्हते. वंशावळीवर उपजीविका असलेल्या माणसाने शब्दांच्या अंगावर वंशावळ गोंदवू नका असे सांगावे, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो. त्याला उत्तर मिळाले ते लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मुलकास्टर यांच्या १५८२च्या ‘एलिमेंटरी’त. नुसत्या ध्वनीवर लेखन ठरत नाही, ध्वनीबरोबर तर्क आणि रूढी यांनाही मान हवा, असे त्यांचे म्हणणे. रूढी जिंकली, आणि तोवर ती पंडितांच्या दुरुस्त्या पोटात घेऊन बसली होती.

दुरुस्त्या निदान बरोबर असत्या तर एक वेळ मान्य करता आले असते. ‘आयलंड’ हा अस्सल जर्मॅनिक शब्द. त्यात एस शिरला तो लॅटिन ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’शी घातलेल्या चुकीच्या नात्यातून. कोयता या अर्थाच्या ‘साइथ’मधल्या सीला कापणे या अर्थाच्या लॅटिन धातूचा खोटा आधार दिला गेला. ‘ॲडमिरल’ हा मुळात अरबी ‘अमीर’. त्यातल्या डीला लॅटिनच्या आभासाने बळ मिळाले. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’मधला होलोफर्निस हा पंडित ‘डेट’ आणि ‘डाउट’मधला बी न उच्चारणाऱ्यांवर संतापतो, आणि त्याच दमात ‘अबॉमिनेबल’मध्ये एच हवा म्हणून हट्ट धरतो. तो एच ‘माणसाला न शोभणारे’ अशा चुकीच्या व्युत्पत्तीतून आलेला. शब्दाचा खरा संबंध अपशकुनाशी. तो एच पुढे गळाला. बी राहिला.

यावर भारदस्त आक्षेप आहे तो भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅली यांचा. १९६८मध्ये त्यांनी मांडले की इंग्रजी लेखन शब्दांची कुळे डोळ्यांना दाखवते, म्हणून ते जवळपास आदर्श आहे. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, हे खरेच, ‘डेट’च्या शेजारी ‘डेबिट’ ठेवता येतो, हेही खरे. पण ‘आयलंड’ आणि ‘साइथ’ खोटे कूळ दाखवतात, आणि ‘डिसीट’ला ‘डिसेप्शन’चा पी नसल्याने कोणाचे काही अडलेले नाही. मराठीनेही हा प्रयोग करून पाहिला आहे. ‘पांच’ आणि ‘कांटा’ यांवरचे अनुस्वार ‘पञ्च’ आणि ‘कण्टक’ यांची खूण म्हणून लिहिले जात. १९६२मध्ये शासनाने मान्य केलेल्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढले, आणि व्युत्पत्ती कोशात सुखरूप राहिली. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कोणाच्या? हार्टचे उत्तर होते, लंडनच्या आणि दरबारच्या सुशिक्षितांच्या. ते उत्तर अपुरे होते. उच्चारानुसार लिहिण्यासाठी त्याने सुचवलेली लिपी रूढ झाली असती तर तीही आज जुनी पडली असती. पण जुना पडलेला खरा उच्चार आणि कधीच नसलेला उच्चार यांत फरक आहे, आणि हा दुसरा प्रकार माणसाच्या जिभेवरही स्वार होतो. ‘फॉल्ट’मधला एल असाच लॅटिनच्या ओढीने घुसवलेला. १७५५च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सन नोंदवतो की बोलताना हा एल सहसा गाळतात. आज तो सगळेच उच्चारतात.