रोमच्या रिंगणातील श्वापदे

प्राचीन रोममधील रक्तरंजित खेळांचा विषय निघाला की ग्लॅडिएटर, म्हणजे प्रेक्षकांसमोर शस्त्रे घेऊन झुंजणारे प्रशिक्षित योद्धे, आधी आठवतात. परंतु त्यांच्याइतकाच लोकप्रिय, आणि अखेरीस त्यांच्याहून दीर्घायुषी ठरलेला खेळ होता तो ‘वेनातिओ’, म्हणजे रिंगणात घडवून आणलेली श्वापदांची शिकार. ग्लॅडिएटरांची झुंज रोममध्ये इ.स.पू. २६४ मध्ये एका अंत्यविधीच्या निमित्ताने प्रथम झाली, तर सिंह आणि बिबट्यांची शिकार इ.स.पू. १८६ मध्ये एका विजयी सेनानीच्या उत्सवात लोकांनी पाहिली. पुढे सम्राटांच्या काळात सकाळी श्वापदांची शिकार, दुपारी गुन्हेगारांना देहदंड आणि त्यानंतर ग्लॅडिएटर असा दिवसाचा क्रम रूढ झाला.

या खेळांचा खर्च सत्तेसाठी होत असे. इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो हा वक्ता व राजकारणी किलिकिया प्रांताचा, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातील प्रदेशाचा, राज्यपाल असताना त्याचा मित्र केलियस रूफस याने पत्रांमागून पत्रे पाठवून बिबटे मागितले, कारण नगरव्यवस्था आणि उत्सव सांभाळणाऱ्या ‘एडिल’ या पदावर निवडून आल्यामुळे त्याला लोकांसमोर खेळ करायचे होते. श्रीमंतांचे हे औदार्य प्रांतांतही मिरवले जाई: ट्युनिशियातील स्मिरात येथे सापडलेल्या, तिसऱ्या शतकातील रंगीत दगडी तुकड्यांच्या चित्रफरशीवर, शिकाऱ्यांच्या टोळीने प्रत्येक बिबट्यामागे ५०० दिनार मागितले असता मागेरियस नावाच्या धनिकाने १००० दिले, असे चित्र व मजकूर यांतून नोंदवले आहे. ज्या प्राण्यांच्या मरणावर हा लौकिक उभा होता, त्यांच्या वेदनेचा त्या फरशीवर कुठेही विचार नाही, आणि हीच त्या समाजाची खरी ओळख पटवणारी गोष्ट आहे.

तरीही प्रेक्षकांचे मन पूर्णपणे बधिर झालेले नव्हते. इ.स.पू. ५५ मध्ये पाँपे या रोमन सेनानीने घडवलेल्या खेळांत हत्ती मारले जाऊ लागले तेव्हा जनसमुदायाला त्यांची दया आली आणि या प्राण्याचे माणसाशी काही नाते आहे असे लोकांना वाटले, असे स्वतः सिसेरोने लिहून ठेवले आहे. ती दया मात्र प्रथेला आवर घालू शकली नाही. इ.स. ८० मध्ये रोममधील कलोसियम या प्रेक्षागृहाच्या उद्घाटनाच्या खेळांत सुमारे ९००० प्राणी मारले गेल्याचे इतिहासकार कॅसियस डियो सांगतो. ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचव्या शतकात संपुष्टात आल्या. श्वापदांची शिकार मात्र इ.स. ५२३ मध्येही रोममध्ये होत होती.