सहा मिनिटं चाला, मग बोलू

सीओपीडी, जुना दमा, टीबी बरा झाल्यावर उरलेले फुप्फुसाचे व्रण, फायब्रोसिस. असा आजार घरात असला की फाइल जाड होत जाते. इंदूरच्या मराठी घरांत मी अशा फाइली पाहिल्या आहेत. एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट, सगळं तारीखवार लावलेलं. त्यात पुष्कळदा एक कागद नसतो: हा माणूस किती चालू शकतो आणि चालताना त्याच्या शरीराचं काय होतं, याची, म्हणजे सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीची, नोंद. ती होत नाही याला सोयीच्या अडचणी कारण आहेतच, पण त्याहून जास्त आड येतात ते गैरसमज.

“मला कुठे दम लागतो?”

हे वाक्य सगळ्यांत फसवं. या आजारांत धाप हळूहळू वाढते आणि माणूस नकळत आपलं जगणं तिच्या मापाचं करून घेतो. आजी सांगतात, “मला काही त्रास नाही हो.” सुनेला विचारावं तर कळतं, की आजींनी सराफ्यात जाणं केव्हाच सोडलंय, आंघोळ स्टुलावर बसून होते, वेणी घालताना दोनदा हात खाली घ्यावे लागतात आणि वरच्या मजल्यावरच्या नातवाला खालूनच हाक मारली जाते. दम लागेल असं काही त्या करतच नाहीत, मग लागणार कुठून?

म्हणून “दम लागतो का?” एवढं विचारून भागत नाही. बरोबरीच्या वयाच्या माणसासोबत सपाट रस्त्यावर चालताना मागे पडता का? शंभरेक मीटरवर थांबावं लागतं का? कपडे बदलताना धाप लागते का? एमएमआरसी नावाची 0 ते 4 अशी मोजपट्टी याच प्रश्नांवर बेतलेली आहे. तपासणीला घरचं माणूस सोबत न्यावं ते यासाठी. खरं उत्तर बहुधा त्याच्याकडेच असतं.

“फुंकण्याची तपासणी झाली, आता चालून वेगळं काय कळणार?”

पुष्कळ कळतं. स्पायरोमेट्री सांगते की जोर लावून फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते. सीओपीडीच्या निदानाला ती हवीच. पण तिचा आकडा अगदी सारखा असलेल्या दोघांपैकी एक जण मेघदूत उपवनात फेऱ्या मारतो आणि दुसरा फाटकापर्यंत जाऊन परततो, असं सर्रास दिसतं.

याचं एक कारण छातीतच आहे. सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, हवा बाहेर पडायला वेळ लागतो. चालताना श्वास भराभर होतो आणि तो वेळच मिळत नाही. राजवाड्याच्या थांब्यावर आतले प्रवासी उतरायच्या आधीच बाहेरचे चढू लागले तर बसचं जे होतं, तेच छातीचं होतं. जुनी हवा आत अडकून राहते, नव्या श्वासाला जागा उरत नाही. बसल्या जागी केलेल्या तपासणीत ही कोंडी पुरती दिसत नाही.

दुसरं कारण पायांत. धापेच्या भीतीने माणूस बसून राहतो, मांड्यांचे स्नायू झिजतात आणि मग थोड्याशा चालण्यालाही जास्त श्वास खर्ची पडतो. शिवाय अशक्तपणा, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, हृदयाचा आजार यांचीही भर असते. 2004 साली सीओपीडीच्या रुग्णांसाठी ‘बोड’ नावाचा निर्देशांक मांडला गेला. त्यात स्पायरोमेट्रीच्या जोडीने वजन-उंचीचं प्रमाण, धाप आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर असे चार घटक आहेत. नुसत्या स्पायरोमेट्रीपेक्षा त्यावरून पुढचा धोका जास्त नीट ओळखता येतो.

“ऑक्सिमीटर 96 दाखवतो, म्हणजे ठीकच.”

बसून 96 असेल. विशेषतः फायब्रोसिसमध्ये, बसल्यावर उत्तम असलेला आकडा चार-पाच मिनिटं चालल्यावर 85 च्याही खाली गेलेला दिसू शकतो. नेलपॉलिश, मेंदी किंवा गार पडलेलं बोट असलं तरी आकडा चुकू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने घरी सहा मिनिटं चालून ऑक्सिजन पाहायला सांगितलं होतं. ते निरोप इंदूरच्या नातेवाइकांपर्यंतही पोचले. त्यातून आणखी एक समज पक्का झाला: ही चाचणी म्हणजे चालण्याच्या आधी आणि नंतर बोटाला यंत्र लावणं. तेव्हा हेतू वेगळा होता, लपलेला न्यूमोनिया लवकर पकडायचा होता. जुन्या आजारात मुख्य मोजमाप अंतराचं. शिवाय ऑक्सिजन चालण्याच्या मध्येच सर्वांत खाली जाऊन शेवटी सावरलेला असू शकतो, म्हणून यंत्र पूर्ण वेळ लावून ठेवतात.

“चालायचंच ना, मग घरच्या हॉलमध्ये चालतो.”

व्यायाम म्हणून जरूर चाला. चाचणी म्हणून तो आकडा धरता येत नाही. रीतसर चाचणीला 30 मीटरचा सपाट, मोकळा पॅसेज लागतो. दोन्ही टोकांना शंकू, मध्ये अंतराच्या खुणा, जवळ खुर्ची आणि ऑक्सिजन. आधी दहा मिनिटं बसवतात, नाडी आणि रक्तदाब पाहतात. मग सांगतात, जमेल तितकं जास्त अंतर चाला, पण धावू नका. थांबावंसं वाटलं तर थांबा, भिंतीला टेका, मात्र घड्याळ चालूच राहील. तंत्रज्ञ रुग्णाच्या बरोबरीने चालत नाही, कारण मग त्याचाच वेग रुग्णाचा होतो. दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांत उत्तेजन देतो, त्याहून जास्त नाही. शेवटी धाप आणि पायांचा थकवा 0 ते 10 च्या बोर्ग मोजपट्टीवर रुग्णाला विचारतात.

एवढी शिस्त कशाला, असं वाटेल. पॅसेज 10 मीटरचा असला तर वळणं वाढतात आणि सीओपीडीच्या रुग्णाचं अंतर सुमारे 50 मीटरने घटतं. एरवी औषधाने किंवा व्यायामाने साधारण 30 मीटरचा फरक पडला तरी तो मोलाचा मानतात. म्हणजे पॅसेज बदलला की खरी सुधारणाही झाकली जाते. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी माणूस सरावाने जास्त चालतो, म्हणून शक्य तिथे चाचणी दोनदा घेतात.

“दम लागला की फुप्फुस झिजतं.”

झिजत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने सीओपीडीत धाप कमी होते आणि चालणं वाढतं, स्पायरोमेट्रीचा आकडा तसाच राहिला तरी. मात्र महिन्याभरात हार्ट अटॅक आलेला असेल, छातीत वारंवार कळ येत असेल किंवा बसल्या जागी नाडी 120 च्या वर असेल, तर चाचणी पुढे ढकलतात.

“सर्वांत स्वच्छ शहरात राहतो, आपल्याला काय होणार?”

2017 पासून स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षं पहिलं आलं, त्याचा अभिमान रास्त आहे. पण फुप्फुसं जुना हिशेब सांभाळतात: चुलीचा धूर, विडी, लहानपणचा टीबी, कामावरची धूळ.

त्या धुळीचं सर्वांत दुःखद प्रकरण इंदूरपासून फार दूर नाही. अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्‌झ दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार घेऊन परतले. 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये केली आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते द्यायचा आदेश गुजरात सरकारला दिला. सिलिकोसिसच्या एक्स-रेवर ठिपके दिसतात, ते टीबीचे समजून भलतेच उपचार होण्याचा धोका असतो. ठिपके किती आहेत यावरून माणूस नांगर धरू शकेल का, विहिरीवरून पाणी आणू शकेल का, हे मात्र सांगता येत नाही. त्यासाठी त्याला चालवूनच पाहावं लागतं.

या चाचणीचा रिपोर्ट हातात आला की त्यात एवढं आहे का पाहा: एकूण अंतर, सर्वांत कमी ऑक्सिजन, किती वेळा थांबला, बोर्गचे आकडे, पॅसेजची लांबी, ऑक्सिजन लावला असल्यास किती लिटरवर. पुढची चाचणी शक्यतो त्याच पॅसेजमध्ये करा. इनहेलर नेहमीच्या वेळी घ्या, काठी लागत असेल तर काठी घेऊनच या, आणि सपाता घालून येऊ नका, रोज चालता ते बूट घाला.