भास्कराचार्यांचा ऑनलाइन माग

गणिताच्या इतिहासावर इंटरनेटवर मजकूर उदंड आहे. त्यातला विश्वास ठेवण्याजोगा किती, हे मूळ साधन पाहिल्याशिवाय कळत नाही. ती साधनेही आता घरबसल्या पाहता येतात, आणि गणितज्ञ भास्कराचार्यांचा शोध घेताना याचा चांगला प्रत्यय येतो.

सुरुवातीला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे ‘मॅकट्यूटर’ हे संकेतस्थळ सर्वांत सोयीचे. जॉन ओ’कॉनर आणि एडमंड रॉबर्टसन या गणितज्ञांनी उभारलेल्या या संग्रहात तीन हजारांवर चरित्रे आहेत. चरित्रांपेक्षाही त्यांना जोडलेली संदर्भसूची मोलाची, कारण पुढची वाट तिथून मिळते. मराठी वाचकासाठी मराठी विश्वकोशाच्या नोंदीही ऑनलाइन आहेत.

भास्कराचार्यांचे गाव म्हणून अनेक ठिकाणी विजापूर छापलेले आढळते. ‘सिद्धांतशिरोमणी’त ते स्वतः सांगतात ते वेगळे: जन्म शके १०३६, ग्रंथ लिहिताना वय ३६, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. हे गाव नेमके कुठले यावर वाद आहे. त्यात महत्त्वाचा ठरतो चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भाऊ दाजी लाड यांनी त्याची माहिती १८६५ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. हा खंड ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मोफत वाचता येतो. भास्कराचार्यांची वंशावळ त्यात त्रिविक्रमापासून दिली आहे. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने मठ स्थापला. शेवटी मठाच्या उत्पन्नाच्या बाबी चक्क जुन्या मराठीत नोंदल्या आहेत. जन्मगावाचा वाद एवढ्याने मिटत नाही, पण या घराण्याचा खानदेशाशी असलेला संबंध दगडावर कोरलेला सापडतो.

त्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथाची गोष्टही अशीच तपासून घ्यावी. घटिकापात्रात मोती अडकला, लग्नाचा मुहूर्त टळला, मग वडिलांनी मुलीच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही कथा शेकडो पानांवर आहे. ती येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. खुद्द ‘लीलावती’तल्या उदाहरणांत ‘बाले’ आहे, तसे ‘सखे’ आणि ‘कान्ते’ही आहे, त्यामुळे लीलावती ही त्यांची मुलगीच होती असे ठामपणे म्हणता येत नाही.

जुनी पुस्तके शोधताना नावांची जुनी रूपेही टाकून पाहावीत. कोलब्रुकच्या १८१७ च्या इंग्रजी भाषांतराच्या शीर्षकातच ब्रह्मगुप्त ‘ब्रह्मेगुप्त’ झाला आहे. जुनी देवनागरी छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही. म्हणून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा १८९६ चा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मजकुरातल्या शब्दांवरून न शोधता शीर्षकावरून शोधावा. मराठीतला हा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही.

‘वैदिक गणित’ हा शब्द टाकला, की मात्र बहुतेक भारती कृष्ण तीर्थांच्या १९६५ मध्ये निघालेल्या पुस्तकाचीच जाहिरात पुढे येते. त्यातली सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडलेली नाहीत. खरे वैदिक काळातले गणित पाहायचे तर ‘शुल्बसूत्रे’ शोधावीत. त्यांवरचे संशोधन ‘इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स’च्या अंकांत आहे, आणि ‘एनपीटीईएल’वर वेदकाळापासूनच्या भारतीय गणितावर व्याख्यानांची अख्खी मालिका विनामूल्य उपलब्ध आहे.