खणले, पण ठेवले कुठे?

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर धरणांचा धडाका सुरू होता. १९४४च्या पूरनियंत्रण कायद्यानंतर मिसुरीच्या खोऱ्यात एकामागून एक जलाशय उभे राहिले. पाणी चढण्याआधी नदीकाठच्या जुन्या वस्त्या शोधायच्या आणि जमेल तेवढ्या खणायच्या, म्हणून १९४६पासून स्मिथसोनियन संस्थेची माणसे तिथे कामाला लागली. आपल्याकडे धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याला १९५४ ते १९६०च्या दरम्यान जी घाई झाली, तशीच ही. पुढे १९७४च्या कायद्याने प्रकल्पखर्चाचा एक टक्क्यापर्यंतचा हिस्सा असल्या कामावर खर्च करण्याची मुभा दिली. खणायला पैसा मिळे, अहवालालाही मिळे. खणून काढलेले सांभाळायला मात्र कुणाचा हात खिशात जाईना. खापरे, दगडी छिलके, हाडे, काचेचे तुकडे कागदी पिशव्यांतून पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेले आणि खोकी कुठल्याशा तळघरात.

१९९०मध्ये हिशेब मागितला गेला. सरकारी मालकीचे पुरासंग्रह कसे ठेवावेत याचे नियम आले. मूळ रहिवाशांच्या पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तूंची यादी करून त्या त्या जमातीला परत करण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. पण परत करायचे तर खोक्यात काय आहे हे आधी कळायला हवे! सर्वाधिक पंचाईत झाली ती धरणे बांधणाऱ्यांची, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची.

या दलाच्या सेंट लुईस कार्यालयात मायकेल ट्रिंबल नावाचे पुरातत्त्वज्ञ होते. ओळखीचे लोक त्यांना ‘सनी’ म्हणत. सद्दाम हुसेनच्या राजवटीतल्या सामूहिक कबरींचे उत्खनन करणाऱ्या पथकाचे त्यांनी इराकमध्ये नेतृत्व केले आणि २००६मध्ये सद्दामवरच्या अन्फाल खटल्यात साक्षही दिली. युद्धभूमीवर सैनिकांच्या पहाऱ्यात काम केलेल्या या माणसाला खोक्यांचा आणि बेरोजगार माजी सैनिकांचा, अशा दोन प्रश्नांचे एक उत्तर सुचले. २००९च्या मंदीत सरकारने अर्थव्यवस्था सावरण्यासाठी जो निधी खुला केला, त्यातून ‘व्हेटरन्स क्युरेशन प्रोग्रॅम’ सुरू झाला. ऑगस्टा, सेंट लुईस आणि वॉशिंग्टनजवळचे अलेक्झांड्रिया या तीन ठिकाणी प्रयोगशाळा निघाल्या. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, पण नोकरी न मिळालेल्या माजी सैनिकांना तिथे पगारावर घेतले. पुरातत्त्वाचे शिक्षण असण्याची अट नव्हती.

काम तसे रटाळ. जुनी पिशवी उघडायची, आतली चिठ्ठी आणि वस्तू जुळतात का पाहायचे, जाड पॉलिथिनच्या पिशवीत भरायचे, नवी चिठ्ठी लिहायची, आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात रचायचे आणि संगणकावर नोंद करायची. निवडक वस्तूंची मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यायची. उत्खननाच्या कागदपत्रांतल्या गंजलेल्या पिना उपसून पानन् पान स्कॅन करायचे. चिठ्ठी हरवली की खापर कुठल्या खड्ड्यातले, कुठल्या थरातले ते कायमचे गेले. मग ते नुसते खापर उरते. म्हणून इथे हुशारीपेक्षा शिस्त कामाची, आणि भांडारातल्या सामानाचा चोख हिशेब द्यायची सवय लष्करात लागतेच. याला कुणी पुनर्वसन म्हणून कौतुकाची थाप दिली की मला खटकते. गरज सैनिकांना होती, तितकीच खोक्यांनाही होती.

ऑगस्टाची निवडही मोठी समर्पक. हे गाव सव्हाना नदीवर, आणि त्याच नदीवरच्या रिचर्ड रसेल धरणाच्या वेळी निघालेला संग्रह तिथल्या टेबलांवर आला.

२०११मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्यानेही ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ सुरू करून जखमी सैनिकांना सॅलिसबरी मैदानावर उत्खननाला नेले. खड्ड्यातल्या माणसाला कॅमेरा सापडतो, टेबलापाशी बसलेल्याला सापडत नाही. त्यामुळे अमेरिकी उपक्रमाची चर्चा त्या मानाने कमी झाली. मंदीतला तो निधी संपल्यावरही मात्र उपक्रम चालू राहिला आणि शेकडो माजी सैनिक त्यातून बाहेर पडले.

एक तुकडी साधारण पाच महिन्यांची. त्यातच नोकरीचे अर्ज आणि मुलाखतीची तयारीही करून घेतात. बहुतेकांनी पुरातत्त्वात राहावे अशी अपेक्षाच नाही. इथली संगणकावरची आणि कागदपत्रांची कामे येऊ लागली की दुसरीकडे दार उघडते, असा हिशेब. सैनिकाच्या बाजूने तो बरोबर आहे. संग्रहाच्या बाजूने पाहिले, तर खापर हातात घेताच ओळखण्याइतकी नजर तयार व्हायला लागते आणि तेवढ्यात मुदत भरते. मग नवी तुकडी येते, आणि तिला खापर कसे धरायचे इथपासून शिकवावे लागते.