कारखाना बदलला, करारनामा मागेच राहिला

डोंबिवली एमआयडीसीतला कारखाना बंद पडतो. आपला मुलगा आठवड्याभरात ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतो आणि कागद ‘नंतर बघू’वर राहतात. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेली जागा अशा वेळीच हातची जाऊ शकते.

मित्रांनो, शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चे कलम 5 नीट वाचा. जुना मालक करार पाळू शकत नसेल, तर दोन्ही मालक आणि उमेदवार (किंवा त्याचे पालक) यांच्या संमतीने व शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीने उरलेल्या मुदतीचा करार नव्या मालकाशी होतो. जुना करार संपतो तो या नव्या कराराची नोंदणी होते त्या तारखेला. नव्या गेटवर पहिली हजेरी लागली ती तारीख इथे धरत नाहीत! मधल्या दिवसांच्या विद्यावेतनावरून मग दोन्ही मालक हात झटकू शकतात.

उशीर झालाच असेल तर मागची तारीख टाकलेल्या कागदावर सही करू नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. हजेरीचा पुरावा, बँक पासबुक आणि जुन्या मालकाचे पत्र जोडून सल्लागाराकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. करारावरून वाद झाला तर कलम 20 प्रमाणे निर्णयही तेच देतात. तो मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येते.

जास्त पैशांसाठी स्वतःहून सोडत असाल तर कलम 5 लागू होत नाही. आधी कलम 7 प्रमाणे जुना करार रद्द करून घ्या.