न भिजणारा धागा, सादळणारे रेझिन

१९७३ मध्ये नासाने बोइंग ७३७ विमानांच्या पंखांवर एक लांब पल्ल्याचा प्रयोग सुरू केला. विमान जमिनीला टेकले की पंखावरच्या काही फळ्या ताडकन उभ्या राहतात आणि वेग मोडतात; त्यांना स्पॉइलर म्हणतात. कार्बन फायबर आणि इपॉक्सीची कातडी असलेले शंभरहून अधिक स्पॉइलर तयार करून हवाई, न्यूझीलंड, ब्राझील, जर्मनी अशा वेगवेगळ्या हवामानांतल्या विमान कंपन्यांना देण्यात आले. ते नेहमीच्या प्रवासी सेवेत उडायचे. ठरावीक काळाने त्यातले काही उतरवून प्रयोगशाळेत आणायचे, मोडेपर्यंत भार द्यायचा आणि त्यांनी किती पाणी शोषले तेही मोजायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

पाणी शिरले होतेच. वजनाच्या एक टक्क्याच्या आतबाहेर. तरी बहुतेक स्पॉइलरांची ताकद नव्यांइतकीच भरली. ज्यांची घटली त्यांत मुख्य दोषी ठरला तो आतला अॅल्युमिनियमचा भाग. फटींतून पाणी त्याच्यापर्यंत पोचले होते आणि धातू पापुद्रे सुटावेत तसा कुजत गेला होता. नव्या पदार्थाची परीक्षा घ्यायला गेले आणि जुना नापास झाला, असे म्हणायचा मोह होतो. पण कार्बनला इतक्या सहज निर्दोष सोडता येत नाही. कार्बन वीज वाहून नेतो. अॅल्युमिनियमला तो चिकटला आणि मध्ये ओल आली, की दोघांची बॅटरीच तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. म्हणून आज कार्बनच्या सांध्यांत टायटॅनियमचे बोल्ट दिसतात आणि जिथे अॅल्युमिनियम टाळता येत नाही तिथे मध्ये काचतंतूंचा थर घालतात.

ओल मुळात जाते कुठे? कार्बनचा तंतू पाच ते सात मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि तो पाणी पीत नाही. पाणी पिते ते तंतूंना धरून ठेवणारे रेझिन, म्हणजे इथे इपॉक्सी. इपॉक्सीच्या रेणूंवर पाण्याला ओढून घेणाऱ्या जागा असतात. हवेतल्या वाफेचे रेणू तिथे जाऊन बसतात, रेझिनच्या रेणूंच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल होते आणि पावसाळ्यात पापड सादळावा तसे कडक रेझिन मऊ पडू लागते. ज्या तापमानाला ते काचेसारखे ताठ राहणे सोडून रबरासारखे वागू लागते, ते तापमानही ओलीमुळे खाली येते, काही इपॉक्सींत चांगलेच.

याचा परिणाम सगळ्या ताकदींवर सारखा होत नाही. तंतूंच्या दिशेने ओढले तर भार तंतूच घेतात. रेझिन सादळले काय नि कोरडे राहिले काय, आकड्यात फार फरक पडत नाही. दाबले की मात्र चित्र पालटते. इतका बारीक तंतू दाबाखाली वाकून मोडायलाच बघतो. त्याला दोन्ही बाजूंनी आवळून सरळ ठेवतो तो रेझिनचा ताठपणा. तोच ढिला पडला तर तंतू कितीही चिवट असून उपयोग नाही. तंतूंचे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोधही असाच घटतो. ८२ अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओल्या नमुन्याची दाबाखालची ताकद कोरड्या, थंड नमुन्यापेक्षा पाव हिस्सा कमी भरली, तर या क्षेत्रातला कुणी दचकत नाही. नुसती ओल किंवा नुसती उष्णता तितकी छळत नाही, दोन्ही एकत्र आल्या की त्रास. त्यामुळे रचनाकाराला आभाळातल्या विमानाइतकीच काळजी कडक उन्हात धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाची असते. कॉम्पोझिटचे, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून बनलेल्या पदार्थाचे, ग्लायडर बहुधा पांढरे असतात ते याचसाठी: गडद रंगाची कातडी उन्हात फार तापते.

पण न्यायाने बोलायचे तर ओलीचे दोन गुणही नोंदवले पाहिजेत. भट्टीतून काढलेला भाग थंड होताना त्याच्या थरांमध्ये ताण अडकून बसतात. रेझिन ओलीने किंचित फुगले की त्यातले काही सुटतात. आणि मऊ पडलेल्या रेझिनमध्ये तडा पुढे सरकायला कधी कधी जास्त जोर लागतो.

पाणी आत शिरण्याचा हिशेब बऱ्याच अंशी अडॉल्फ फिक या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये मांडलेल्या नियमाने होतो. शेन आणि स्प्रिंगर या संशोधकांनी १९७६ मध्ये तो कॉम्पोझिटला पद्धतशीर लावून दाखवला. त्यातून तीन गोष्टी हाती येतात. शेवटी किती पाणी मुरणार हे मुख्यतः हवेच्या आर्द्रतेवर ठरते. किती वेगाने मुरणार हे तापमानावर. आणि जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ चौपट होतो. जाड भाग नेहमीच्या हवेत पुरता ओलावायला वर्षे लागतात. इतका वेळ कुणाकडे नसल्याने प्रयोगशाळेत नमुने सुमारे ७० अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेत वजन वाढायचे थांबेपर्यंत ठेवतात. ८५ टक्के म्हणजे मुंबईतला जुलै. आपण ज्या हवेत कपडे वाळत नाहीत म्हणून वैतागतो, ती जगभरच्या प्रयोगशाळांत मुद्दाम तयार करतात.

ओल बाहेर पडतानाही घोळ घालते. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली. तिचे आरसे ठरावीक अंतरावर धरणारा सांगाडा ग्रॅफाइट-इपॉक्सीचा आहे. निर्वातात त्यातले पाणी हळूहळू निघून गेले, सांगाडा आकसला आणि फोकस टिकवण्यासाठी दुय्यम आरसा वेळोवेळी सरकवावा लागला. वर्षांच्या हिशेबात हे आकुंचन शंभराहून अधिक मायक्रोमीटरचे झाले. (तिच्या आरशातला तो गाजलेला दोष वेगळा, त्याच्याशी पाण्याचा संबंध नव्हता.) उपग्रहांसाठी कमी पाणी शोषणारे सायनेट एस्टर रेझिन पसंत करतात, ते अशा आकसण्याच्या भीतीने.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी थेट धागा आहे तो नागपूरचा. मिहानमधल्या टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ साठी केबिनच्या फरशीखालच्या कॉम्पोझिट तुळया तयार झाल्या. जुन्या अॅल्युमिनियमच्या विमानांत स्वयंपाकघर आणि शौचालयाखालच्या तुळया हे गंजाचे हमखास ठिकाण: वर सांडलेले सगळे तिथेच झिरपते. कार्बनची तुळई गंजत नाही. विमानाच्या धडाला गंजाची धास्ती नसल्यामुळेच ७८७ मध्ये प्रवाशांना हवा थोडी दमट देता येते. रेझिन सादळवणारी ओल मुद्दाम केबिनमध्ये सोडायची, हे ऐकायला उफराटे वाटते. पण सादळण्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला असतो, गंजाचा तसा करता येत नाही.

कारखान्यात ओलीशी सामना त्याही आधी सुरू होतो. रेझिनमध्ये भिजवलेले कापड, म्हणजे प्रीप्रेग, बंद पिशवीत उणे १८ अंशांना फ्रीजरमध्ये ठेवतात. बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, हा नियम मोडला तर थंड कापडावर दव धरते. तेच पाणी ऑटोक्लेव्ह या दाबाच्या भट्टीत वाफ होऊन थरांत पोकळ्या करते.

दुरुस्तीत अडचण याच्या उलट्या टोकाला असते. वर्षानुवर्षे उडालेल्या भागावर गरम करून ठिगळ चिकटवायचे, तर आधी तो भाग मंद आचेवर वाळवावा लागतो, नाहीतर जुनी ओल वाफ होऊन ठिगळच उचलते. मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा असेल आणि त्यात पाणी साठले असेल, तर वाफेचा दाब कातडीही सोडवू शकतो. वाळवण्याला वेळ लागतो आणि विमान जमिनीवर उभे राहणे कंपनीला परवडत नाही. म्हणून अनेकदा चिकटवण्याऐवजी बोल्ट मारून ठिगळ बसवतात. त्यात वाळवण्याचा वेळ वाचतो. पण धडधाकट कार्बनला भोके पडतात, वजन वाढते आणि ओलीला आत शिरायला नव्या कडा मिळतात, ज्या मग सीलंटने बंद कराव्या लागतात.