छत्री कोणाच्या पसंतीची?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि त्याच सुमारास कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळाही येऊन ठेपतो. वह्यांच्या याद्यांबरोबर छत्री की रेनकोट, हा वाद घरोघर सुरू होतो. प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु येथे पैसे देणारा एक आणि वस्तू वापरणारा दुसरा असल्याने अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तो दृष्टीआड करू नये.

पालक पाहतात तो टिकाऊपणा. म्हणून ‘वाढत्या अंगाचा’ रेनकोट घेऊन त्याच्या बाह्या दुमडल्या जातात. धाकट्या मुलास रंगीत रेनकोट मनापासून आवडतो. त्याखाली दप्तर झाकले जाते आणि हात मोकळे राहतात. तोच मुलगा सातवी-आठवीत गेला की त्यास रेनकोटात उकडते, मित्रांत लाजही वाटते; मग छत्री हवी, तीही घडीची. वडिलांची लांब दांड्याची काळी छत्री वाऱ्यात अधिक टिकते हे त्यास पटते, तरी ती तो नेत नाही. (आम्हीही नेत नव्हतो, वाटेवरच्या मित्राच्या घरी ठेवून भिजत जात असू.) उन्हाचे तर विचारूच नये. टोपी डोक्यावर राहते ती आई दिसेनाशी होईपर्यंतच. दप्तरात पडून राहिलेल्या वस्तूची उपयोगिता शून्य, मग तिची किंमत काहीही असो.

आणि किंमत नगण्य नाही. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात छत्र्यांवरील आयात शुल्क २० टक्के करण्यात आले व सुट्या भागांवरील सवलत काढून घेण्यात आली. देशी लघुउद्योगास संरक्षण देण्याचा हेतू योग्यच. पण अशा संरक्षणाचा काही भार ग्राहकावर पडतो, हेही मान्य करावे लागेल.

ज्यांच्या घरी निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यांचे काय? पूर्वी इरले होते, घोंगडीची खोळ होती. आता पाड्यावरचे मूल प्लॅस्टिकचा कागद पांघरून येते. शासन पाठ्यपुस्तके व गणवेश विनामूल्य देते. २०२३ साली बूट-मोजे देण्याचाही निर्णय झाला. ती पुस्तके पावसात भिजू नयेत, याची मात्र तरतूद नाही. ती अवश्य व्हावी. परंतु एकाच मापाचे, एकाच रंगाचे रेनकोट वरून धाडू नयेत. शाळा व्यवस्थापन समितीने मुलांना विचारून खरेदी करावी. चौथीपर्यंत रेनकोट, पुढे हवी त्यास छत्री, एवढी मुभा दिली तरी पुष्कळ झाले. आणि ही खरेदी मे महिन्यात उरकावी, ऑगस्टात नव्हे.